मातृभाषेचा रकाना

१९६१ च्या फेब्रुवारीत शिरगणतीचे गणक बेळगावातील आमच्या घरी आले, तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. वडील म्हणाले, "सर्वांची मराठी लिहा." आई आत स्वयंपाकघरात होती. माहेरची कोंकणी तिने अखेरपर्यंत सोडली नाही, आणि गणकांना दिलेल्या सूचनांप्रमाणे बालपणी आई जी भाषा बोले तीच मातृभाषा होय. तरीही वडील खोटे बोलले असे मी म्हणणार नाही. त्यांना भाषेचा प्रश्न ऐकूच आला नव्हता. ऐकू आला तो सीमेचा. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी असेच घडले असेल.

पंजाबचा इतिहास वाचताना ही आठवण मला छळते. १९४७ ची फाळणीरेषा १९४१ च्या शिरगणतीतील धर्मवार आकड्यांवरून आखली गेली, तेव्हाच एका रकान्याचे मोल त्या प्रांताला कळून चुकले होते. १९५१ मध्ये वाद इतका चिघळला की हिंदी, उर्दू, पंजाबी आणि पहाडी यांची गणना तेथे एकत्रच करावी लागली. १९६१ मध्ये आर्य समाज व जनसंघ यांनी हिंदूंना हिंदी नोंदविण्याचे आवाहन केले आणि घरीदारी पंजाबी बोलणाऱ्या असंख्य हिंदूंनी ते मानले. अकालींची मागणी नावाला भाषेची, प्रत्यक्षात शीखबहुल प्रांताची, असा त्यांचा ग्रह होता. तो सर्वस्वी निराधारही नव्हता.

पुढे १९६६ मध्ये न्यायमूर्ती जे. सी. शाह यांच्या आयोगाने सीमा सुचविल्या, त्या मुख्यत्वे याच आकड्यांवरून. पंजाबी सुभा रोखण्यासाठी दिलेल्या उत्तराने सुभा रोखला गेला नाही. तो आक्रसला, आणि त्या आक्रसलेल्या प्रांतात शीख बहुसंख्य झाले. ज्याची भीती होती तेच हिंदूंनी स्वतःच्या हाताने लिहून दिले होते. आयोगाच्या तिघांपैकी दोघांनी चंडीगडसह खरड तालुका हरियाणाला द्यावा असे म्हटले, एस. दत्त यांनी भिन्नमत नोंदविले. अखेर १ नोव्हेंबर १९६६ रोजी चंडीगड केंद्रशासित झाले. दोन्ही राज्यांची राजधानी ते आजही आहे.

त्याआधी आठवडाभर, २५ ऑक्टोबरला, आपल्या सीमाप्रश्नासाठी महाजन आयोग नेमला गेला होता. तेव्हापासून आपण आकडे मांडत आलो आहोत. त्यांत एक माझ्या आईचा आहे, आणि तो मराठीच्या बाजूस धरलेला आहे.