राजा इराणचा, मुकुट रोमचा

इथे बॉस्टनजवळ वॉटरटाऊनला आर्मेनियन लोकांची बरीच दुकानं आहेत. तिथल्या पाट्यांवरची वेगळीच लिपी बघून कुतूहल वाटलं आणि मी त्यांचा इतिहास वाचायला घेतला. रोम आणि इराण या दोन जात्यांमध्ये पाचशे वर्षं भरडलं गेलेलं हे राज्य!

एके काळी तेही मोठं होतं. तिग्रान राजाच्या वेळी त्याच्या सीमा भूमध्य समुद्राला भिडल्या होत्या. पण इ.स.पू. ६६ मध्ये त्याला रोमन सेनापती पाँपेपुढे शरण जावं लागलं. त्यानंतर आर्मेनियाच्या गादीवर कोणी बसायचं, हे बहुतेक वेळा बाहेरचेच ठरवू लागले. रोमने एक राजा बसवायचा, इराणच्या पार्थियन सम्राटाने तो उठवून आपला बसवायचा.

इ.स. ६३ मध्ये दोघांनी जो तोडगा काढला, तो मला फार आवडतो. राजा पार्थियन घराण्यातला, पण त्याला मुकुट घालणार रोमचा सम्राट. (आम्हा कन्सल्टंट मंडळींना हे लगेच कळेल: पगार एका कंपनीचा, हुकूम दुसरीचा!) पार्थियन सम्राटाचा भाऊ तिरिदात तीन हजार घोडेस्वार घेऊन नऊ महिने प्रवास करत रोमला गेला. खर्च सगळा रोमचा. इ.स. ६६ मध्ये नीरोसमोर गुडघे टेकून त्याने मुकुट घेतला. येताना रोमनांनी जाळलेली आपली राजधानी आर्ताक्साता पुन्हा बांधायला कारागीरही घेऊन आला. नीरोने विजयाचा उत्सव केला खरा, पण राज्य मिळालं तिरिदातला. मान वाकवून त्याने बरंच काही पदरात पाडून घेतलं, असं माझं मत.

पुढे इ.स. ३८७ च्या सुमारास रोम आणि सासानी इराण यांनी आर्मेनिया वाटून घेतला. मोठा वाटा इराणला गेला. इ.स. ४२८ मध्ये इराणने शेवटच्या राजालाही पदच्युत केलं. पण त्याआधी, इ.स. ४०५ च्या सुमारास, मेस्रोप माश्तोत्स या भिक्षूने छत्तीस अक्षरांची लिपी तयार केली होती. तोवर त्यांचं लिखाण ग्रीक किंवा सिरियाक भाषेत चाले. आता चर्चमध्ये, मठांमध्ये आर्मेनियन ग्रंथ लिहिले जाऊ लागले. राजा गेला, तरी ते काम थांबलं नाही.

आणि गंमत म्हणजे, याच अक्षरांतलं जगातलं पहिलं आर्मेनियन वर्तमानपत्र 'अझ्दारार' निघालं ते आर्मेनियात नव्हे, तर १७९४ साली आपल्या मद्रासला!