दाढीच्या साबणाची वंशावळ : चरबी, जवखार आणि मेणबत्ती

आजचा धागा दीर्घ आहे आणि विषय वरकरणी क्षुल्लक. यात लढाई नाही, किल्ला नाही, तहनामाही नाही. आहे तो केवळ दाढीचा साबण.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत युरोप-अमेरिकेत, आणि अल्प प्रमाणात आपल्याकडेही, ब्रशाने फेस काढून दाढी करण्याची जुनी रीत तरुणांत पुन्हा रुजली. तिच्यामागोमाग लहान कारागिरांनी हाताने घोटलेले, डबीत भरलेले साबण आले. त्यांची तुलना करणारे लोक सुगंधावर तासन्‌तास बोलतात. डबीवर मात्र बहुधा एकच दावा असतो : ‘पूर्वापार चालत आलेली कृती.’

इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे थांबून विचारावे : पूर्वापार म्हणजे नेमके कधीपासून? उत्तर अनेकांना अनपेक्षित वाटेल. आज ज्याला आपण उत्तम हस्तनिर्मित दाढीचा साबण म्हणतो, त्याचा मुख्य घटक एकोणिसाव्या शतकातील मेणबत्तीच्या कारखान्यातून आलेला आहे.

प्रथम साबण म्हणजे काय ते पाहू. स्निग्ध पदार्थावर तीव्र क्षाराची क्रिया झाली की साबण आणि ग्लिसरीन तयार होते. क्षार दोन प्रकारचे. लाकडाच्या राखेतून मिळतो तो पोटॅश; समुद्रकाठच्या क्षारयुक्त वनस्पतींच्या राखेतून मिळतो तो सोडा. आपल्या आयुर्वेदाने हा भेद फार पूर्वी ओळखला होता. जवाच्या राखेचा जवखार आणि सज्जीखार ही दोन निराळी नावे त्याचीच साक्ष देतात. पोटॅशचा साबण मऊ, लोण्यासारखा आणि पाण्यात चटकन विरघळणारा. सोड्याचा साबण घट्ट, वडी पाडता येईल असा. भूमध्य समुद्राच्या काठी ऑलिव्हचे तेल आणि सोडा दोन्ही मिळत, म्हणून अलेप्पो आणि मार्सेय येथे घट्ट वड्या झाल्या. उत्तर युरोपात जंगले आणि गुरांची चरबी. तेथे मऊ साबण झाला. भूगोलाने साबणाचा पोत ठरवला, असे म्हटले तरी चालेल.

यांपैकी कोणताही साबण खास दाढीसाठी नव्हता. अठराव्या शतकात युरोपातील अत्तरविक्रेते साबणाचे सुगंधी गोळे वळून विकत, आणि ते हातपाय धुण्यास व दाढीस सारखेच चालत. त्याच शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसमधील पाती बनवणारा कारागीर झाँ-झाक पेरे याने स्वतःची दाढी स्वतः कशी करावी यावर एक पुस्तक लिहिले. असे पुस्तक लिहावेसे वाटावे यातच तोपर्यंत हे काम प्रामुख्याने न्हाव्याचे होते हे दिसून येते. इंग्लंडमध्ये तर १७१२ पासून १८५३ पर्यंत साबणावर करच होता. आपल्या न्हाव्याच्या धोकटीत वस्तरा, चामड्याचा पट्टा आणि पाण्याची वाटी असे. साबणाऐवजी तो ओल्या बोटांनी गाल बराच वेळ चोळी, आणि केस त्यानेच मऊ पडत. खरे तर दाढीचे निम्मे रहस्य पाण्यातच आहे. साबणाचे काम ते पाणी केसाजवळ धरून ठेवण्याचे आणि पात्याला घसरण देण्याचे.

आता कथेचा नायक येतो : मिशेल यूजेन शेव्हरल. जन्म १७८६. पॅरिसमधील या रसायनशास्त्रज्ञाकडे १८११ मध्ये डुकराच्या चरबीपासून बनवलेल्या पोटॅशच्या साबणाचा नमुना पृथक्करणासाठी आला. आम्लाची क्रिया करून त्याने त्यातून मोत्यासारखा चकाकणारा स्फटिकमय पदार्थ वेगळा काढला. तोवर चरबी हा एकसंध पदार्थ आहे असा समज होता. शेव्हरलने पुढील बारा वर्षे त्यातच घालवली आणि १८२३ मध्ये प्राणिज स्निग्ध पदार्थांवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. चरबी म्हणजे निरनिराळी आम्ले आणि ग्लिसरीन यांचा संयोग, हे त्याने सिद्ध केले. त्या आम्लांपैकी एकाला ग्रीक भाषेतील चरबीच्या शब्दावरून नाव मिळाले : स्टिअरिक आम्ल.

(हा गृहस्थ १०२ वर्षे जगला आणि १८८९ मध्ये वारला. त्याच वर्षी पुऱ्या झालेल्या आयफेल टॉवरवर कोरलेल्या ७२ नावांत त्याचे नाव आहे. फ्रेंच राज्यक्रांती आणि आयफेल टॉवर दोन्ही एकाच आयुष्यात!)

शेव्हरलला साबणाहून मेणबत्तीत अधिक रस होता. चरबीची मेणबत्ती धूर करी, दुर्गंध सोडी, वाकून पडे. स्टिअरिक आम्लाची मेणबत्ती घट्ट, पांढरी, स्वच्छ जळणारी. १८२५ मध्ये त्याने आणि गे-ल्युसॅकने तिचे पेटंट घेतले. त्यांना व्यापारी यश लाभले नाही. ते १८३१ च्या सुमारास द मिली या उद्योजकाने पॅरिसमध्ये चुन्याची स्वस्त पद्धत वापरून मिळवले. लंडनमध्ये प्राइस कंपनीने पश्चिम आफ्रिकेतील पाम तेल आणि सिलोनचा नारळ यांपासून मेणबत्त्या केल्या. याचा परिणाम असा की, शुद्ध स्टिअरिक आम्ल पोत्यांनी विकत मिळू लागले.

साबणकर्त्याला याचा उपयोग काय? येथे थोडे रसायन सहन करा, कारण सगळी तुलना यावर उभी आहे. नारळाच्या तेलात जवळजवळ निम्मे लॉरिक आम्ल असते. त्याचा फेस पटकन येतो, बुडबुडे मोठे असतात आणि लगेच फुटतात. शिवाय ते त्वचा कोरडी करते. स्टिअरिक आम्लाचा फेस उशिरा येतो, पण सायीसारखा दाट असतो आणि दाढी संपेपर्यंत बसत नाही. गुरांच्या चरबीत हे आम्ल साधारण एक पंचमांश असते, ऑलिव्हमध्ये नगण्य. म्हणजे निसर्गात मिळणारा कोणताही एक स्निग्ध पदार्थ घेऊन आजच्यासारखा दाढीचा फेस मिळणे कठीण. त्यासाठी स्टिअरिक आम्ल वेगळे काढून वरून घालावे लागते. आज अनेक कारागीर स्निग्ध भागाचा जवळपास निम्मा हिस्सा त्याचाच धरतात आणि पोटॅश व सोडा दोन्ही वापरतात : पोटॅश विरघळण्यासाठी, सोडा आकार धरण्यासाठी. आजोबांच्या परसातील चुलीवर ही कृती कधीच शिजली नव्हती.

मग हाताने केलेल्या साबणात खरे ‘हस्तनिर्मित’ काय उरते? माझ्या मते एकच गोष्ट ठोस आहे, ती म्हणजे ग्लिसरीन. मोठे कारखाने साबण मिठाने फाडून ग्लिसरीन वेगळे काढतात आणि स्वतंत्रपणे विकतात. १८६७ मध्ये नोबेलने डायनामाइटचे पेटंट घेतल्यानंतर तर त्याला सोन्याचे दिवस आले, आणि पहिल्या महायुद्धात स्फोटकांसाठी सरकारेच ग्लिसरीन गोळा करू लागली. लहान कारागीर ते काढण्याच्या भानगडीत पडत नाही. त्याच्या साबणात ते तसेच राहते आणि त्वचेवर ओलावा धरते.

खास दाढीचा साबण हा व्यापारी माल झाला तो याच शतकात. अमेरिकेतील कनेटिकट राज्यात जेम्स विल्यम्सने १८४० मध्ये धंदा सुरू केला. त्याचा ‘जेन्युइन यांकी सोप’ पेल्यात ठेवून वर ब्रश फिरवण्यासाठी होता. पुढे किंग कँप जिलेटच्या सुरक्षित वस्तऱ्याने न्हाव्याची मक्तेदारी मोडली. १९०३ मध्ये त्याचे फक्त ५१ वस्तरे विकले गेले होते. महायुद्धात अमेरिकी सरकारने आपल्या सैनिकांसाठी ३५ लाख वस्तरे मागवले. घरोघरी साबण आणि ब्रश पोहोचला तो या लाटेवर.

याच युद्धात ब्रशाने जीवही घेतले. बिज्जूच्या केसांचा तुटवडा पडला, तेव्हा आशियातून आलेल्या घोड्याच्या केसांचे स्वस्त ब्रश बाजारात आले. नीट निर्जंतुक न केलेल्या या केसांतून सैनिकांना आणि नागरिकांना चेहऱ्यावर अँथ्रॅक्स झाला. १९१९ मध्ये अमेरिकेत बार्बासोल हे ब्रशाविना लावायचे मलम निघाले आणि १९५० च्या सुमारास दाबताच फेस सोडणारा डबा आला. साबणाची वडी मागे पडली, ती अलीकडे पुन्हा वर येईपर्यंत.

आता या वंशावळीच्या आधारे काही साबण शेजारी ठेवून पाहू.

मिलानचा चेल्ला हे १८९९ पासूनचे नाव. पारंपरिक रूपात गुरांची चरबी आणि नारळ, पोटॅशचा मऊ लगदा, कडू बदामाचा वास. नवशिक्याला सर्वांत सोपा, कारण विरघळतो लगेच. अर्थात संपतोही लगेच.

इंग्लंडमधील ब्रॅडफर्डशी निगडित मिचेल्स वूल फॅट काटेकोर अर्थाने हस्तनिर्मित नाही, परंतु कारागिरांच्या साबणांची तुलना वारंवार त्याच्याशी होते. चरबीच्या घट्ट वडीत लॅनोलिन, म्हणजे मेंढीच्या लोकरीतील मेण. ब्रॅडफर्ड हे लोकर धुण्याचे शहर. तेथील एशोल्ट केंद्रात सांडपाण्यातूनही हे मेण काढून विकले जाई. लोकर धुण्यास तेथील मृदू पाणी अनुकूल. म्हणूनच की काय, हा साबण जड पाण्यात फेस देताना रुसतो अशी त्याची ख्याती आहे. कॅल्शियमयुक्त जड पाण्यात साबणाचा साका होतो. ज्यांच्या घरी बोअरवेलचे पाणी आहे त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

फ्रान्समधील मार्टिन द कांद्र पूर्णतः वनस्पतिजन्य, स्टिअरिकने दाट केलेला. चरबीशिवाय उत्तम फेस होत नाही हा आग्रह त्याने निकालात काढला, असे मला वाटते. अमेरिकेतील अर्कान्सा राज्याचा स्टर्लिंग मेंढीच्या चरबीचा पुरस्कर्ता. फेसात दोहोंमधले अंतर रसिक सांगतात तितके मोठे नाही, कारण दोघांच्या मुळाशी शेव्हरलचे आम्ल आहे.

चरबीचा प्रश्न भारतात मात्र केवळ फेसाचा नव्हता. काडतुसाला लावलेले वंगण गाईचे की डुकराचे, या संशयाने १८५७ मध्ये काय पेटले ते तुम्ही जाणता. ओठांजवळ येणारी चरबी हा येथे धर्माचा आणि आहाराचा प्रश्न होता, आणि आजही अनेकांसाठी आहे. १९१८ मध्ये मुंबईच्या गोदरेजने ‘चावी’ हा वनस्पती तेलाचा साबण काढला. नाव कुलपांच्या धंद्यावरून आले हे उघड आहे. जगातील पहिला वनस्पतिजन्य साबण असे त्याचे वर्णन वारंवार केले जाते. ते स्वीकारता येत नाही. मार्सेयमध्ये १६८८ च्या राजाज्ञेनेच साबणात चरबी घालण्यास मनाई केली होती, आणि अलेप्पोची परंपरा त्याहून जुनी. आर्देशीर गोदरेज यांचे मोठेपण वेगळ्या ठिकाणी आहे. परदेशी साबणात कोणती चरबी आहे हे ग्राहकाला कळत नव्हते. त्या बाजारात त्यांनी ‘यात चरबी नाही’ हे उघड सांगितले आणि ते स्वदेशीशी जोडले. पुढे याच घराण्याचा ‘शेव्हिंग राउंड’ देशभरच्या ब्रशांखाली गेला.

आज डबी हाती घ्याल तेव्हा मागची घटकांची यादी वाचा. ‘टॅलोएट’ म्हणजे गुराची किंवा मेंढीची चरबी. ‘पामेट’ म्हणजे पाम, ‘कोकोएट’ म्हणजे नारळ. पण पहिल्या-दुसऱ्या क्रमांकावर नुसते ‘स्टिअरिक ॲसिड’ लिहिले असेल, तर ते पाम तेलातून आले की चरबीतून, हे त्या शब्दावरून कळत नाही. रेणू दोन्हीकडे तोच असतो. ज्याला त्याने फरक पडतो त्याने साबण करणाऱ्यालाच विचारावे, आणि हातच्या साबणाचा कर्ता पत्र लिहिले तर बहुधा स्वतः उत्तर देतो.