तळटीप १७ : सुयश जाधव
१७. सुयश नारायण जाधव : सोलापूर जिल्ह्यातील जलतरणपटू. शाळकरी वयात विजेच्या धक्क्याने दोन्ही हात कोपराखाली गमवावे लागले. रिओ पॅरालिंपिकमध्ये (२०१६) सहभाग. २०१८च्या जकार्ता आशियाई पॅरा स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायमध्ये (एस-७ गट) सुवर्ण. ५० मीटर फ्रीस्टाइल आणि २०० मीटर वैयक्तिक मिडलेमध्ये कांस्य. २०२०चा अर्जुन पुरस्कार. मूळ मजकुरात त्यांचे नाव दक्षिण आफ्रिकेचा धावपटू ऑस्कर पिस्टोरियस याच्या जोडीने आले आहे, म्हणून एक फरक सांगायला हवा. गुडघ्याखाली दोन्ही पाय नसलेला पिस्टोरियस कार्बन फायबरच्या पात्यांवर धावे. त्या पात्यांचा अवाजवी फायदा होतो, असे ठरवून जागतिक ॲथलेटिक्स संघटनेने जानेवारी २००८मध्ये त्याच्यावर बंदी घातली. क्रीडा लवादाने ती मे महिन्यात उठवली. पुढे २०१२च्या लंडन ऑलिंपिकमध्ये त्याने ४०० मीटरची उपांत्य फेरी गाठली. पॅरा जलतरणात मात्र कृत्रिम अवयव लावून शर्यतीत उतरताच येत नाही. बटरफ्लायमध्ये दोन्ही हातांनी एकाच वेळी पाणी मागे रेटावे लागते. तळहात आणि मनगट नसताना हा भार दंड, खांदे, धड आणि पायांवर येतो. म्हणून सुयश यांच्या सुवर्णपदकाचे मोल या प्रकारातच शोधावे.