सेक्रेटरींची लिस्प

ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरमध्ये साधं एक अक्षर टाइप केलं, तरी आधी त्या कळीला जोडलेली 'सेल्फ-इन्सर्ट-कमांड' नावाची आज्ञा चालते आणि मग अक्षर उमटतं. ही जोडणी काढून तिथे स्वतःची आज्ञा बसवायला कुणालाही मुभा आहे. एवढी मोकळीक सुरुवातीला कुणी आखून दिलेली नव्हती. ती अडचणीतून आली.

या घराण्याचा मूळपुरुष म्हणजे टेको हा एडिटर. १९६२च्या सुमारास एमआयटीत डॅन मर्फी यांनी पीडीपी-१ या संगणकासाठी तो लिहिला, तो कागदी फितीवरचा मजकूर दुरुस्त करण्यासाठी. '५एल' म्हणजे पाच ओळी पुढे, 'के' म्हणजे ओळ खोडायची, असा सगळा कारभार. या आज्ञा इतक्या अगम्य दिसत, की स्वतःचं नाव टेकोला आज्ञा म्हणून दिलं तर मजकुराचं काय होईल, हे ओळखण्याचा खेळच लोक खेळत. मात्र आज्ञांची अख्खी माळ साठवून हवी तेव्हा चालवता येई. साधी दुरुस्ती करणाराही मग नकळत प्रोग्रामर होऊन बसे.

पुढे एमआयटीच्या एआय लॅबमध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी कळ दाबताच आज्ञांची अशी माळ, म्हणजे मॅक्रो, चालेल, अशी सोय केली. मग काय, ज्याचे त्याचे मॅक्रो! दुसऱ्याच्या मांडणीत कुठली कळ काय करेल, याचा नेम नाही. हा पसारा एकत्र आणायला गाय स्टील यांनी सुरुवात केली, स्टॉलमन यांनी काम तडीला नेलं आणि १९७६मध्ये ईमॅक्स जन्माला आला.

मला सगळ्यांत मोलाचा वाटतो तो १९७८चा टप्पा. बर्नार्ड ग्रीनबर्ग यांनी हनीवेल कंपनीत मल्टिक्स यंत्रणेसाठी ईमॅक्स लिहिला, आणि तोही थेट लिस्प या प्रोग्रामिंग भाषेत. स्टॉलमन यांनी पुढे एका भाषणात सांगितलं, की ग्रीनबर्ग यांच्या ऑफिसातल्या सेक्रेटरीही त्यात नव्या आज्ञा लिहायला शिकल्या. त्यांच्या हाती जी पुस्तिका होती, तिच्यात हे प्रोग्रामिंग आहे असं म्हटलेलंच नव्हतं. आपल्याला ते जमणार नाही असं मानणाऱ्या बायका त्यामुळे बिचकल्या नाहीत. शिकवण्याची याहून चतुर युक्ती माझ्या तरी पाहण्यात नाही.

जेम्स गॉस्लिंग यांचा १९८१चा ईमॅक्स सी भाषेत होता. त्यातली मॉकलिस्प दिसायला लिस्पसारखी, पण लिस्पचा प्राण असलेल्या याद्याच तिच्यात नव्हत्या. स्टॉलमन यांनी १९८४मध्ये ग्नू ईमॅक्स हाती घेतला, तेव्हा त्यात खरी लिस्प घातली.

तीच ईमॅक्स लिस्प शिकवायला रॉबर्ट चॅसल यांनी प्रोग्रामर नसलेल्यांसाठी पुस्तक लिहिलं. ते ईमॅक्समध्येच उघडता येतं. पानावरच्या बेरजेच्या उदाहरणात शेवटच्या कंसापुढे कर्सर न्यायचा, कंट्रोल-एक्स आणि मग कंट्रोल-ई दाबायचं; उत्तर तळाच्या ओळीत हजर. सुरुवातीच्याच पानांत चॅसल वाचकाकडून मुद्दाम एक चूक करवून घेतात, एरर कशी दिसते ते दाखवतात आणि ती खिडकी बंद कशी करायची तेही सांगतात. ग्रीनबर्ग यांच्या ऑफिसातल्या त्या पुस्तिकेचंच हे भावंड म्हणायचं.

ईमॅक्समध्ये मराठी लिहिण्याची 'देवनागरी-आयट्रान्स' नावाची एक पद्धत आहे; तिचे नियमही लिस्पच्या फाइलीतच आहेत. एखादी कळ हाताला बसत नसेल, तर ती फाइल उघडून वाचता येते आणि आपल्या सोयीची वेगळी पद्धत तिच्यावरून बेतता येते.