घड्याळांचे एकमत : स्थानिक वेळेपासून संगणक-जाळ्यापर्यंत

भोकरदन (जि. जालना) म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सुमारे ७५.८ अंश पूर्व रेखांशावरील या गावी सूर्य मध्यान्ही येतो तेव्हा घड्याळात सरासरीने बारा वाजून सत्तावीस मिनिटे झालेली असतात. भारतीय प्रमाण वेळ ८२.५ अंश रेखांशावर बेतलेली असून दर अंशामागे चार मिनिटांचे अंतर पडते. हे अंतर एका घटकेहून किंचित अधिक आहे. घटिकापात्रावर दिवस मोजणाऱ्या समाजास त्याची अडचण नव्हती. प्रत्येक गावाची वेळ त्या गावापुरती खरी होती. अडचण निर्माण केली ती आगगाडी व तारायंत्र यांनी.

तत्कालीन रेल्वेने मद्रासची वेळ स्वीकारली होती. मुंबईची स्थानिक वेळ तिच्या अर्धा तास मागे असे. १८८१ मध्ये गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी मुंबईवर मद्रास वेळ लादण्याचा प्रयत्न केला. तथापि लोकविरोधामुळे तो सोडून द्यावा लागला. १ जानेवारी १९०६ रोजी ग्रीनिचच्या ५ तास ३० मिनिटे पुढे असणारी प्रमाण वेळ लागू झाली. ती मुंबई वेळेच्या ३९ मिनिटे पुढे होती. गिरणी कामगारांच्या दृष्टीने भोंग्याची वेळ न बदलता घड्याळ पुढे सरकणे म्हणजे तितकेच आधी उठणे होते. मुंबई महापालिकेने तर आपली घड्याळे स्वातंत्र्योत्तर काळापर्यंत मुंबई वेळेवरच ठेवली. हा विरोध ज्योतिर्गणिताला नव्हता. वेळ कोणी ठरवावी, हा खरा वाद होता.

विसाव्या शतकाच्या आरंभी मनमाड–सिकंदराबाद लोहमार्ग निजामाच्या मुलखातून जालन्यावरून गेला. स्थानकाचे घड्याळ जालन्यापर्यंत आले. भोकरदनला रेल्वे आलीच नाही.

हाच प्रश्न पुढे संगणकाने नव्या रूपात उभा केला. साध्या संगणकातील स्फटिक-घड्याळ दिवसाला एखाददुसरा सेकंद सहज चुकते. तालुक्याच्या कार्यालयातील दोन संगणकांत चार मिनिटांचे अंतर पडले, तर कोणता दस्त आधी नोंदला गेला हे नोंदींवरून सांगता येत नाही. डेव्हिड मिल्स यांनी १९८५ मध्ये मांडलेल्या नेटवर्क टाइम प्रोटोकॉलने यावर श्रेणीबद्ध उत्तर दिले : वरच्या घड्याळाला खालच्याने वेळ विचारायची आणि संदेशाच्या प्रवासातील विलंब हिशेबात धरायचा. फायरवॉलमागील खाजगी जाळ्यात मात्र प्रत्येक संगणकाला बाहेर विचारणा करू देणे इष्ट नसते. म्हणून केवळ एका सर्व्हरला १२३ क्रमांकाच्या पोर्टवरून बाहेर जाण्याची मुभा देतात व उर्वरित संगणक त्यालाच विचारतात. त्याचे स्थान रेल्वे स्थानकाच्या घड्याळासारखेच.

वेळ कोणी ठरवावी, याचे उत्तर आता शासनाने दिले आहे. २८ एप्रिल २०२२ च्या सर्ट-इनच्या निर्देशानुसार हा उगम राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचा, नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचा किंवा त्यांच्याशी जुळवलेला असावा लागतो. परंतु बाहेरचा दुवा अनेक दिवस तुटल्यास आतील सर्व संगणक परस्परांशी तंतोतंत जुळूनही एकत्रितपणे चुकत जातात, आणि आतून पाहणाऱ्यास ती चूक दिसत नाही. त्यासाठी काही ठिकाणी छतावर अँटेना लावून उपग्रहाकडून थेट वेळ घेतली जाते; तेव्हा फायरवॉलमधून वाट काढण्याचीही गरज उरत नाही.