वऱ्हाड : एका गहाण पडलेल्या प्रांताची हकीकत

श्रोतेहो, ‘वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड’ ही म्हण आपणांपैकी बहुतेकांच्या कानांवरून गेलेली असेल. सोने म्हणजे येथील काळी जमीन व तीत पिकणारा कापूस, हे उघड आहे. परंतु या सोन्याचा धनी कोण, असा प्रश्न केला की वऱ्हाडचा अर्धाअधिक इतिहास सांगावा लागतो.

आरंभी एक खुलासा अवश्य आहे. वऱ्हाड आणि विदर्भ हे शब्द हल्ली सर्रास एकाच अर्थी योजले जातात. पण नागपूर, वर्धा, चांदा हा मुलूख अलीकडच्या अर्थाने वऱ्हाड नव्हे. वर्धा नदी ही वऱ्हाडची पूर्व सीमा आणि पैनगंगा ही दक्षिणेची. अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ आणि १९९८ साली अकोल्यातून वेगळा झालेला वाशीम, एवढे जिल्हे त्यात येतात. उत्तरेस सातपुड्याची गाविलगड रांग व मेळघाटाचे अरण्य. दक्षिणेस अजिंठ्याच्या डोंगरावरील पठार, म्हणजे बालाघाट. आणि दोहोंमध्ये पूर्णेचे सपाट खोरे, म्हणजे पयनघाट. कापसाची खरी भूमी हीच.

वाशीम ही वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी, तर रिद्धपूर हे महानुभावांचे व म्हणून मराठी गद्याचे आद्यपीठ. पण त्या वैभवाविषयी आज बोलावयाचे नाही. अचलपूरची इमादशाही १५७४ साली अहमदनगरच्या निजामशाहीने गिळली, १५९६ साली प्रांत मोगलांना मिळाला, आणि १७२४ साली साखरखेर्ड्याच्या लढाईत मुबारीजखानाचा पाडाव करून निजामउल्मुल्काने दक्षिणेत आपले आसन स्थिर केले. पुढे नागपूरकर भोसल्यांनीही महसुलात आपला वाटा बसविला. जमीन एक आणि वसुली अंमलदार दोन! या दुअमली कारभारात रयतेचे काय झाले असेल, हे सांगावयास नकोच. १८०३ च्या नोव्हेंबरात अडगाव येथे व डिसेंबरात गाविलगडावर वेलस्लीने भोसल्यांचा मोड केला, तेव्हा वर्ध्येच्या पश्चिमेकडील मुलूख निजामाच्या पदरात पडला.

खरे प्रकरण येथून पुढे आहे. इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालील एक फौज, जिला कंटिन्जंट म्हणत, निजामाच्या खर्चाने उभी होती. फौजेवर हुकमत रेसिडेंटाची. पगार मात्र निजामाच्या खजिन्यातून! खजिना तर रिकामा. मग सावकारांकडून उचल करावयाची व त्यांना वऱ्हाडचा महसूल लावून द्यावयाचा, असा क्रम चालला. पेस्तनजी या पारशी पेढीलाही अशीच वसुली मिळाली होती. अखेर तुंबलेल्या बाकीपोटी १८५३ साली डलहौसीने इतर काही मुलखासह वऱ्हाड कंपनीच्या ताब्यात घेतला. १८६० साली इतर मुलूख बहुतांशी परत गेला, वऱ्हाड राहिला. दिवाण सालारजंगाने तो सोडवून घेण्याची पराकाष्ठा केली, पण व्यर्थ. १९०२ साली कर्झनने वार्षिक २५ लाख रुपयांवर कायमचा पट्टा करून घेतला आणि पुढील वर्षी प्रांत मध्यप्रांताच्या कारभारास जोडला. १९३६ साली हैदराबादच्या युवराजाला ‘वऱ्हाडचे राजपुत्र’ ही पदवी मिळाली, ती मला तरी थट्टाच वाटते. या सर्व तहनाम्यांत वऱ्हाडच्या कुणब्याला कोणी एक शब्द विचारल्याचे दिसत नाही.

इंग्रजांना या जमिनीचे एवढे अगत्य का, हे कापसावरून उमगते. पूर्वी येथील कापूस बैलांच्या पाठीवरून थेट गंगाकाठच्या मिर्झापुरास जाई. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी माजली, तेथील कापूस अडला आणि विलायतेतील गिरण्यांची नजर इकडे वळली. १८६७ साली आगगाडी वऱ्हाडातून नागपुरास पोचली. खामगाव व अमरावती येथे फाटे निघाले. गावोगाव सरकी काढण्याचे व गाठी बांधण्याचे कारखाने झाले. व्यापाऱ्यांच्या बोलीत या कापसाचे नावच ‘उमरा’ पडले, ते उमरावतीवरून, म्हणजेच अमरावतीवरून. मूर्तिजापुराहून यवतमाळ व अचलपूर येथे जाणारा अरुंद लोहमार्ग तर एका खासगी कंपनीने बांधला आणि देशातील रेल्वे सरकारजमा झाल्यावरही तो खासगी मालकीतच राहिला. काही गिरण्या वऱ्हाडातही निघाल्या. तथापि पीक येथले आणि सूत परक्याचे, हा मुख्य व्यवहार पालटला नाही.

स्वातंत्र्यानंतरचे राजकारण या अनुभवाच्या उजेडात पाहावे. १९४७ चा अकोला करार व १९५३ चा नागपूर करार यांत पैसा व नोकऱ्या यांच्या न्याय्य वाटणीवर एवढा भर का, याचे नवल मग वाटत नाही. १९५५ साली राज्यपुनर्रचना आयोगाने वेगळ्या विदर्भाची शिफारस केली होती. परंतु १९५६ साली वऱ्हाड द्विभाषिक मुंबईत व १९६० साली महाराष्ट्रात आला. दांडेकर समितीने १९८४ साली अनुशेषाचा हिशेब मांडला, त्यात पाटबंधाऱ्यांची तूट ठळक होती. कोरडवाहू कापसाला लागवडीचा खर्च आगाऊ आणि पाऊस बेभरवशाचा. म्हणून कर्ज वऱ्हाडी घराच्या पाचवीला पुजलेले, आणि त्यापायी कित्येक शेतकऱ्यांनी आपला जीव दिला. पूर्णेच्या खोऱ्यात तर विहीर खणूनही सुटका नाही. तेथे जमिनीखालचे पाणीच खारट आहे. त्या पट्ट्याला लोक खारपाण म्हणतात, आणि तेथील बागायतीची आशा सारी धरणाच्या पाण्यावर व शेततळ्यांवर अवलंबून आहे.