सनदेचा प्रवास : इजाजतीपासून टीईटीपर्यंत

२०२५ सालचा सप्टेंबर मराठवाडा सहजासहजी विसरणार नाही. उभे सोयाबीन पाण्याखाली गेले, ओढ्यानाल्यांनी रस्ते अडवले, वीज तासन्‌तास गायब राहू लागली. त्याच दिवसांत शिरूर अनंतपाळच्या एका ऑनलाइन सेवा केंद्रात मी एका ज्येष्ठ शिक्षिकेच्या शेजारी बसून त्यांचा शिक्षक पात्रता परीक्षेचा, म्हणजेच टीईटीचा अर्ज भरत होते. आम्ही सारे त्यांना आपा म्हणतो. आपांच्या नोकरीला सव्वीस वर्षे झाली आहेत. त्यांनी शिकवलेल्या मुलींच्या मुली आज आमच्या उर्दू शाळेत पहिलीत बसतात.

अर्ज काही पुढे सरकेना. दहावीच्या प्रमाणपत्रावर 'सय्यद', डी.एड.च्या पदविकेवर 'सैयद', आणि आधार कार्डावर वडिलांच्या जागी पतीचे नाव! केंद्रातला मुलगा म्हणाला, "मॅडम, नाव जुळत नाही." आपा माझ्याकडे पाहून हसल्या. पण ते हसू काही खरे नव्हते. म्हणाल्या, "छब्बीस साल से पढारी मैं, बेटा. अब ये मशीन पूछरी, तुम कौन?"

तुम कौन? शिक्षकाला हा प्रश्न आज पहिल्यांदा विचारला गेलेला नाही. राज्ये बदलली, राजभाषा बदलल्या आणि दर वेळी शिक्षकाकडे नवा पुरावा मागितला गेला. हा प्रश्न कोणी, कधी आणि कोणत्या भाषेत विचारला, याचा इतिहास आपण पाहिला तर आजच्या अर्जाकडे पाहण्याची दृष्टीही बदलेल, असे मला वाटते.

आमच्या गावाहून उदगीरमार्गे बीदर फार दूर नाही. तेथे बहमनी राज्याचा वजीर महमूद गवान याने १४७२ च्या सुमारास उभारलेला मदरसा भग्नावस्थेत का होईना, आजही उभा आहे. त्या काळी इस्लामी विद्यापरंपरेत शिकवण्याचा अधिकार संस्थेपेक्षा उस्ताद देत असे. शागिर्दाने उस्तादासमोर ग्रंथ वाचायचा, समजावून घ्यायचा आणि उस्तादाची खात्री पटली की त्याने पुढे शिकवण्याची इजाजत द्यायची. इजाजतीत उस्तादाचे नाव असे, त्याच्या उस्तादाचे असे, त्याच्याही उस्तादाचे असे. या नावांच्या साखळीलाच सनद म्हणत. आज मराठीत आपण सहज वापरतो तो 'सनद' शब्द तिथलाच आहे. अर्ज, दाखला, मुदत, हजेरी, तारीख हे शब्दही त्याच वाटेने मराठीच्या घरात आले आणि घरचेच होऊन गेले. टीईटीचा फॉर्म भरताना हे शब्द परके वाटत नाहीत. परका वाटतो तो फक्त प्रश्न विचारणारा चेहरा नसलेला पडदा.

इंग्रजी अमदानीत ही साखळी तुटली. १८५४ च्या वुडच्या खलित्याने शिक्षक तयार करण्यासाठी प्रशिक्षण शाळा काढण्याची शिफारस केली आणि शिकवण्याचा दाखला देणे हे हळूहळू सरकारचे काम झाले. उस्तादाच्या जागी सरकारी शिक्का आला. यात चांगलेही होते. उस्तादाची इजाजत ज्यांच्यापर्यंत कधी पोहोचलीच नव्हती, त्यांच्यासाठी सरकारी परीक्षेचे दार निदान कागदावर तरी उघडे होते. पण ते दार उघडूनही आत कोण जाते, हा प्रश्न महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगासमोर मांडला. प्राथमिक शाळांतील बहुतेक शिक्षक एकाच वर्गातून येतात, ते शेतकऱ्यांच्या मुलांशी समरस होत नाहीत. म्हणून कष्टकरी वर्गातून शिक्षक तयार करावेत, त्यांना प्रशिक्षण द्यावे आणि पोटापुरता पगारही द्यावा, असे त्यांचे म्हणणे होते. दाखला, प्रशिक्षण आणि पगार या तीन गोष्टी जोतीरावांनी एकत्र मांडल्या होत्या, हे आपण लक्षात ठेवले पाहिजे. पुढच्या काळात राज्यकर्त्यांना दाखला तेवढा आठवला, बाकीच्या दोहोंचा मात्र वारंवार विसर पडला.

जोतीराव-सावित्रीबाईंचे नाव निघाले की फातिमा शेख यांची आठवण आपल्याला होतेच. सावित्रीबाईंनी १० ऑक्टोबर १८५६ रोजी जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमेचे नाव आहे. तिच्याजवळ कोणती सनद होती, तिने कोणती परीक्षा दिली, याचा कागद आपल्या हाती नाही. म्हणूनच २०२५ च्या सुरुवातीला अशी स्त्री झालीच नव्हती, असे म्हणण्यापर्यंत काहींची मजल गेली. एका पत्रातल्या एका नावाने तिला तारले. ज्याची नोंद नाही, त्याचे असणेही नाकारता येते, हा धडा आम्हा उर्दू शाळांतल्या शिक्षिकांनी तरी विसरू नये.

आता आपल्या मराठवाड्याकडे येऊ. हा मुलूख इंग्रजांच्या थेट अमलाखाली नव्हता, निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तेथे १८८० च्या दशकात फारसीची जागा उर्दूने घेतली आणि उर्दू राज्यकारभाराची भाषा झाली. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने तर विज्ञान, वैद्यक, कायदा असे सारे उच्च शिक्षण उर्दूतून देण्याचा धाडसी प्रयोग केला. एका भारतीय भाषेतून आधुनिक ज्ञान शिकवता येते, हे त्याने दाखवून दिले. उर्दू भाषेसाठी आयुष्य वेचणारे मौलवी अब्दुल हक औरंगाबादेत शिक्षण खात्यात अधिकारी होते आणि अंजुमन तरक्की-ए-उर्दूचे काम त्यांनी कित्येक वर्षे तिथूनच चालवले.

पण या नाण्याची दुसरी बाजू सांगितली नाही तर मी इतिहासाशी बेइमानी केल्यासारखे होईल. ज्या मुलाच्या घरी मराठी बोलली जात होती, त्याला माध्यमिक शाळेत पाऊल ठेवताच उर्दूची भिंत आडवी येत होती. मराठवाड्याच्या खेड्यांत असे घर बहुसंख्यांचे होते. परीक्षा उर्दूत, नोकरी उर्दूत, अर्ज उर्दूत. त्यातूनच राष्ट्रीय शाळांची चळवळ उभी राहिली. १९२१ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्यातील हिप्परगा येथे अशी शाळा निघाली. तेथे आणि पुढे मोमिनाबादेत, म्हणजे आजच्या अंबाजोगाईत, स्वामी रामानंद तीर्थ यांनी मुख्याध्यापक म्हणून काम केले. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे हे नेते आधी एक शाळामास्तर होते. माझ्या बी.एड.च्या पदवीवर ज्या विद्यापीठाचा शिक्का आहे, ते १९९४ साली नांदेड येथे स्थापन झालेले विद्यापीठ त्यांच्याच नावाचे आहे. उर्दू माध्यमात शिकवणाऱ्या माझ्यासारखीच्या सनदेवर त्यांचे नाव आहे, याचा मला संकोच वाटत नाही. मातृभाषेतून शिकण्याचा त्यांचा आग्रह आज माझाही आग्रह आहे, फक्त माझ्या मुलांची मातृभाषा वेगळी आहे.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले आणि चित्र उलटे झाले. काल ज्या भाषेत हुकूम निघत होते, ती आज दप्तरातून बाहेर पडू लागली. उस्मानियाचे माध्यम इंग्रजी झाले. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९५८ मध्ये औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ निघाले, १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाले आणि १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या. आमचा भाग तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होता. लातूर जिल्हा झाला तो १९८२ मध्ये. कालपर्यंत मराठी बोलणाऱ्या मुलापुढे उर्दूची भिंत होती, आता उर्दूत शिकलेल्या मास्तरापुढे मराठी दप्तराची भिंत उभी राहिली. बदल्यांचे आदेश, पगारपत्रके, अहवाल हे सारे त्याला नव्याने शिकावे लागले. आणि तो शिकला. मराठवाड्यातील मुसलमानांची आजची मराठी ही त्या पिढीच्या कष्टांचे फळ आहे. मराठीतून लिहिणारे मुस्लिम लेखक आकाशातून पडले नाहीत. त्यांच्यामागे असे शेकडो अनाम मास्तर आहेत.

काळाची गंमत पाहा. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा निजामकाळातील उर्दू आणि मोडी कागद वाचणारी माणसे हुडकावी लागली. जी भाषा निरुपयोगी ठरवली गेली होती, तिच्या जाणकारांची सरकारला गरज भासली. हैदराबाद गॅझेटियरसंबंधीचा शासन निर्णय २ सप्टेंबर २०२५ चा आहे. त्याच्या बरोबर एक दिवस आधी सर्वोच्च न्यायालयाचा टीईटीचा निकाल आला होता.

या निकालापर्यंतची वाट थोडक्यात अशी. २००० मध्ये महाराष्ट्रात शिक्षणसेवक योजना आली आणि नव्या शिक्षकाला तीन वर्षे तुटपुंज्या मानधनावर काढावी लागू लागली. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या आधारे राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने २३ ऑगस्ट २०१० रोजी पहिली ते आठवीच्या शिक्षकांसाठी टीईटी बंधनकारक केली. महाराष्ट्रात पहिली टीईटी १५ डिसेंबर २०१३ रोजी झाली. दीडशे गुणांचा पेपर, खुल्या गटाला साठ टक्के आवश्यक. उर्दू ही पहिली भाषा म्हणून घेता येते. दुसरी भाषा मराठी किंवा इंग्रजी. सुरुवातीला हे प्रमाणपत्र सात वर्षेच चालत असे, २०२१ मध्ये ते कायमचे झाले. पुढे टीईटीशिवाय अभियोग्यता चाचणी आणि पवित्र पोर्टल यांचीही भर पडली. म्हणजे डी.एड. किंवा बी.एड. झाले, तरी उमेदवाराला आणखी तीन ठिकाणी आपले नाव नोंदवावे लागू लागले.

१ सप्टेंबर २०२५ चा निकाल मात्र नोकरीत असलेल्यांना हलवून गेला. त्या खटल्याचे नाव वाचून आपल्या वाचकांना विशेष वाटेल: अंजुमन इशाअत-ए-तालीम ट्रस्ट विरुद्ध महाराष्ट्र राज्य. न्या. दीपांकर दत्ता आणि न्या. मनमोहन यांच्या खंडपीठाने असे म्हटले, की ज्यांच्या सेवेची पाच वर्षांहून अधिक वर्षे उरली आहेत, त्या कार्यरत शिक्षकांनी दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण झाले पाहिजे. पाच वर्षांहून कमी उरलेल्यांची नोकरी राहील, पण पदोन्नती मिळणार नाही. अल्पसंख्याक संस्थांना हा कायदा लागू करावा की नाही, हा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवण्यात आला. २०१४ च्या घटनापीठाने अशा संस्थांना त्यातून वगळले होते. आपा जिल्हा परिषदेच्या शाळेत आहेत, त्यामुळे हा बचाव त्यांना नाही. त्यांची दहा वर्षे उरली आहेत. घरात दोन मुले शिकत आहेत.

आता माझे मत. मी स्वतः टीईटी देऊन नोकरीत आले. परीक्षा नकोच, असे मी म्हणणार नाही. उर्दू शाळेतल्या मुलालाही तयारीचा शिक्षक मिळण्याचा हक्क आहे आणि हा हक्क शिक्षकाच्या सोयीपेक्षा मोठा आहे. पण आपांनी नोकरीत येताना त्या वेळच्या सरकारने मागितलेली प्रत्येक सनद दाखवली होती. त्यांच्याकडून नवी सनद मागायची असेल, तर जोतीरावांनी सांगितल्याप्रमाणे तिच्याबरोबर प्रशिक्षणही आले पाहिजे. तारीख जाहीर केली, संकेतस्थळ उघडले, की सरकारचे कर्तव्य संपत नाही. प्रशिक्षणाविना नुसता धाक असला की काय होते, हेही महाराष्ट्राने पाहिले आहे. २०१९ च्या टीईटीत गुण वाढवून घेतल्याचे पोलीस तपासात निघाले आणि सात हजार आठशेहून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. त्यात प्रामाणिकपणे नापास झालेल्या हजारोंचा काय दोष होता?

आपल्या समाजालाही एक सांगावेसे वाटते. हा निकाल केवळ आपल्याविरुद्ध आहे, असे समजून हातपाय गाळून बसणे हा उपाय नव्हे. तो सर्व समाजांच्या शिक्षकांना लागू आहे. आपल्या गावोगावच्या अंजुमनांनी, वाचनालयांनी सुटीच्या दिवशी बालमानसशास्त्राचे, गणिताचे वर्ग उर्दूतून घ्यावेत. ज्यांनी परीक्षा दिली आहे, त्यांनी ज्येष्ठांना शिकवावे. आणि सर्वांनी घरातल्या कागदांवरची नावे आजच एकसारखी करून घ्यावीत. विशेषतः मुलींच्या नावांकडे लक्ष द्यावे. लग्नानंतर बदललेले एक आडनाव किती दारे बंद करते, हे मी त्या केंद्रात बसून पाहिले आहे.

आपांचा अर्ज अखेर भरला गेला. अर्जाची मुदत ३ ऑक्टोबरवरून ९ ऑक्टोबरपर्यंत वाढली, तेवढ्यात प्रतिज्ञापत्र झाले. २३ नोव्हेंबरला मी त्यांच्याबरोबर परीक्षा केंद्रावर गेले. फाटकाशी विशीबाविशीच्या मुलामुलींची गर्दी होती. त्यातून एक मुलगी पुढे आली, सलाम करून म्हणाली, "आपा, तुम्ही मला चौथीला होता. माझाही आज पेपर आहे." आपांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, दुआ दिली, आणि दोघी एकाच रांगेत उभ्या राहिल्या.

बीदरच्या मदरशात सनद म्हणजे उस्ताद आणि शागिर्दांच्या नावांची साखळी होती. त्या रांगेत मला ती पुन्हा दिसली. सरकारच्या यादीत या दोघी दोन वेगळे बैठक क्रमांक आहेत. निकाल काहीही लागो, ही नोंद कुठेतरी राहावी म्हणून हे लिहिले.